वाडीचा लाल चौकोन

सोमवार, ७ जुलै १९९७

टेबल गेलं. म्हणजे टेबल जागेवरच आहे, पण त्याच्यावर आता कॉम्प्युटर बसलाय आणि मी त्याच्या बाजूला खुर्चीच्या कडेवर, मुलगी दाखवायला आणल्यासारखी. मालकांची स्नेहल पुण्याहून शिकून आली ती हे धूड घेऊनच. सगळ्या डेअरीला पेढे वाटले. "शालनताई, तुम्ही माझ्या शेजारी बसायचं," असं ती सगळ्यांदेखत म्हणाली, तेव्हापासून ऑफिसातल्या निम्म्या लोकांची तोंडं वाकडी.

माझं काम विचारून घेतलं तिनं. सांगितलं. सकाळी गावोगावच्या सेंटरवरून फोन येतात, कुठं किती दूध जमलं. ते मी लांबलचक पत्रकावर उतरवते. मग बेरजा, कालच्याशी ताळा, महिन्याची सरासरी. शेवटचा रकाना शेऱ्याचा. जेवणाच्या सुट्टीआधी पत्रक मालकांच्या केबिनमध्ये. ते सही करतात. इतकी वर्षं हेच केलंय, माझी आडवी रेघ पट्टीशिवाय सरळ येते.

"ताई, हे सगळं आता एका सेकंदात होईल."

"मग उरलेला दिवस मी काय करू?"

ती खूप हसली. मला काही हसू आलं नाही.

गुरुवार, १७ जुलै

आज बघितलं एकदाचं.

पडद्यावर प्रत्येक सेंटरचा एक चौकोन. सांगवीचा आकडा टाकला, चौकोन हिरवा. निमगाव केतकी, हिरवा. लासुर्ण्याचं जरा कमी होतं, पिवळा. निम्म्यानं घसरलं की लाल म्हणे. आणि खाली बेरीज आपोआप पळतेय, सरासरी पळतेय, बाजूला खांब वर-खाली होतायत. मी कागद घेऊन चोरून सगळं ताडून बघितलं. बरोबर. पुन्हा बघितलं. मेलं एकदाही चुकलं नाही. चुकलं असतं तर बरं वाटलं असतं, इथं खोटं कशाला लिहू.

स्ने. याला डॅशबोर्ड म्हणते. गाडीत समोर काटे असतात ना, पेट्रोल किती, वेग किती, तसं पप्पांच्या समोर सगळी डेअरी. गुलाबभाई ड्रायव्हर दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "माज्या टँकरचा काटा कवाच मेलाय. मी टाकीवर गज वाजवून बघतो, डिझल किती हाय ते."

स्ने.ला ते फार आवडलं. मलाही.

शनिवार, १९ जुलै

शेऱ्याचा रकाना निघाला. स्ने. जुनी पत्रकं मांडीवर घेऊन मोठ्यानं वाचत होती. "लग्नाची गर्दी. टँकरचा पाटा तुटला. निमगाव, बाजारामुळे उशीर. वाडी, अमावस्या. ताई, ह्यांना मी रंग कसा देऊ? आणि वाडीची अमावस्या म्हणजे काय?"

म्हटलं, वाडी म्हणजे माझं माहेर. निमगाव केतकीच्या अलीकडं आत वळलं की. सेंटर माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं. आमच्यात अमावस्येचं दूध विकत नाहीत. मेंढरं राखायचो तेव्हापासूनचं आहे. त्या दिवसाचं दूध बिरोबाचं, ते घरातच राहायचं. आता मेंढरं गेली, शेती आली, म्हशी आल्या, जर्सी आल्या, पण अमावस्येला वाडीच्या सेंटरचं दार उघडत नाही.

"किती गोड," म्हणाली. "पण रकान्याचं काय?"

"काढून टाक की. मालकांना ठाऊकच आहे सगळं."

तिनं काढला. दोघींनी चहा घेतला.

सोमवार, ४ ऑगस्ट

काल अमावस्या. त्यात रविवार. आज ऑफिसात निम्म्या बाप्यांचे डोळे तारवटलेले, आषाढाला निरोप दणक्यात दिलेला दिसतोय. एकमेकांना टाळ्या देतायत. मीही दोघांना टोमणे मारले.

मग मालक आले. पडद्यासमोर उभे राहिले. कालचा दिवस उघडा होता. सगळं हिरवं, आणि मधोमध एक लालभडक चौकोन.

"हे काय?"

"वाडी. काल अमावस्या होती ना."

"मग?"

मला वाटलं चेष्टा करतायत. "अमावस्येला वाडीचं दूध येत नाही, मालक."

"हे कधीपासून?"

कधीपासून! मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. दर महिन्याला लिहिलंय. न चुकता. माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात, त्यांच्या सहीच्या अगदी शेजारी. शाई वाळायच्या आत मी पत्रक उचलायचे, तेव्हा त्यांची सही माझ्या शब्दावर चढलेली असायची कितीदा तरी.

मी चाचरत म्हटलं, शेऱ्यात असायचं. ते म्हणाले, आणि अगदी सहज म्हणाले, काही वाईट मनात न ठेवता, "ते बारीक कोण वाचतंय, शालनबाई. मी खालची बेरीज बघायचो."

दिवसभर काही सुचलं नाही. भाजी घ्यायला मंडईत गेले आणि पिशवी तिथंच विसरून आले.

मंगळवार, ५ ऑगस्ट

ह्यांना सांगितलं. म्हणजे इतकी वर्षं मी भिंतीशी बोलत होते, असं म्हटलं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "हं."

बास. सगळीकडं तेच.

मंगळवार, २ सप्टेंबर

अक्षर बघ कसं आलंय.

काल पुन्हा अमावस्या. वाडी पुन्हा लाल. मी मनाची तयारी ठेवली होती की मालक बोलतील. पण आज सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर डाव्या बाजूला एक नवीन चौकट, आणि तिच्यात एकच नाव. वाडीचं. वर लिहिलंय, बंद करण्यायोग्य.

मी ओरडलेच. स्ने. धावत आली. तिचंही तोंड उतरलं. तिनंच मागं प्रोग्रॅममध्ये घालून ठेवलं होतं, एखादं सेंटर दोनदा लाल झालं की नाव आपोआप तिकडं जावं. मालकांनी सांगितलं होतं तसं. कोणाचं नाव जाईल याचा विचार तिनं केला नव्हता. मी तरी कुठं केला होता?

मालकांनी मुळीच वेळ लावला नाही. वाडीचा फाटा आत, टँकर वळवायला लागतो, दूध बेताचं, आणि वर हे नखरे. दसऱ्यानंतर टँकर वाडीत जाणार नाही.

इतक्या पटकन? उभ्या उभ्या? नवीन पायपुसणं घ्यायचं तरी माणूस दोन दुकानं फिरतं.

मी म्हटलं, मालक, वाडीत डांबरी रस्ता यायच्या आधी तुमचा टँकर आलाय. त्या दुधावर वाडीचा आठवड्याचा बाजार होतो. टँकर गेला तर बायकांनी कॅन डोक्यावर घेऊन हमरस्त्याला यायचं का? उन्हाळ्यात निम्मं दूध वाटेतच नासेल.

ते म्हणाले, "तुमच्या भावाचं सेंटर आहे, तुम्हाला वाईट वाटणारच."

भाऊ आहे, खरंय. म्हणजे आता मी वाडीबद्दल काहीही बोलले तरी ते भावाची बहीणच बोलणार. खरं बोलायची सोयच राहिली नाही.

रविवार, ७ सप्टेंबर

वाडीला जाऊन आले. काल गणपती बसले, एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. फाट्यावर उतरून चालत.

अण्णाला सांगितलं. तो ओट्यावर मटकन बसला. मग माझ्यावरच उसळला. "आन तू तितं काय करतीस मग? तुज्याच हाताखाली हाय न्हवं ती मशीन?"

"हाताखाली नाही रे अण्णा. मीच तिच्या हाताखाली आहे."

माणसं जमली. तात्या काठी टेकत आले. तात्या म्हणजे चुलते, मेंढरांमागं हिंडलेला आमच्यातला शेवटचा माणूस. त्यांना पडद्याचं सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

"लाल म्हंजी?"

"दूध कमी आलं की लाल, तात्या."

"आन म्हस आटली तर?"

"लाल."

"आन ह्यांचा टँकरच आला न्हाय तर?"

"तरी आपणच लाल."

तात्या एवढे हसले की ठसका लागला. बाकी कुणी हसलं नाही.

मी म्हटलं, एक अमावस्या दूध घातलं तर? मला वाटत होतं देवाच्या नावानं म्हातारे उखडतील. म्हातारे नाही, वैनी उखडली. अण्णाची बायको, जी कधी चारचौघांत आवाज काढत नाही ती. चुलीपासून उठून दारात आली.

"वन्सं, रोजचं काय हुतंय ठाव हाय ना तुमास्नी? कॅनच्या बुडाला चिकाटल्यालं बी निपटून टँकरला जातं. च्याला बी दूध मागं ठिवत न्हाय आमी. म्हैन्यातनं एक दिस पोरं वाटी भरून दूध पित्यात. त्यो बी दिस पायजे व्हय तुमच्या मालकास्नी?"

मीही त्याच वाडीत वाढले. अमावस्येला आई पितळेची वाटी भरून द्यायची, वर साय. आम्हाला वाटायचं देवाचं आहे म्हणून प्यायचं. आई तशीच सांगायची. बाप्यांना तिनं काय सांगितलं असतं, पोरांसाठी ठेवते म्हणून? कुणी ठेवू दिलं असतं? हे आज, या वयात, वैनीच्या दारात उभं राहून कळतंय मला.

परतताना एसटीत खिडकीशी बसून रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, मयताला जाऊन आलात का?

बुधवार, १० सप्टेंबर

स्ने.ला वैनीचं बोलणं सांगितलं, जसंच्या तसं. तिनं पेन दातात धरलं. मग म्हणाली, "ताई, बाजारपेठ आठवड्याला एक दिवस बंद असते ना? तिला कोणी लाल म्हणत नाही." आणि पंचांग मागितलं! कॉम्प्युटरच्या मांडीवर कॅलेंडर. दुपारपर्यंत तिनं चौथा रंग तयार केला. राखाडी. सुट्टीचा. अमावस्येला वाडी राखाडी, सरासरीत धरायची नाही.

मी तिची दृष्टच काढायची बाकी ठेवली होती.

मालकांना दाखवलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आज वाडीला राखाडी दिला की उद्या सगळी गावं राखाडी मागतील. कुणाची जत्रा, कुणाचा बाजार. मग मी बघायचं काय? काढ तो."

तिनं काढला. बापाशी एक शब्द बोलली नाही, पण काढला. लेक असली तरी तीही नोकरच की.

जाता जाता मालकांनी एवढं केलं. पुढच्या अमावस्येला वाडीचं दूध आलं तर टँकर चालू राहील. नाही आलं तर दसऱ्याला शेवटची फेरी. "बघा, मी काही राक्षस नाही."

नाहीतच. तेच तर अवघड आहे.

अण्णाला फोन. तो नुसतं "बरं" म्हणाला.

बुधवार, १ ऑक्टोबर

सर्वपित्री. सकाळपासून फोनकडं डोळे. सांगवीचा आला, लासुर्ण्याचा आला, आकडे टाकत गेले. स्ने. माझ्यामागं उभी.

अण्णाचा फोन. आवाज सपाट. आकडा सांगितला. पूर्ण. नेहमीपेक्षाही थोडा जास्तच.

मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तोच सांगितला.

"अण्णा, खरं सांग, लासुर्ण्यातनं आणून तर…"

"न्हाय गं. आपलंच हाय. घराघरातनं आलं."

"तात्यांनी घालू दिलं?"

"तात्याच पयले आले. कॅन घिऊन. म्हनले, देव आदी मेंढरांमागं हिंडला, आता टँकरमागं हिंडंल. त्येला काय, सवय हाय."

मी आकडा टाकला. चौकोन हिरवा. डावीकडची चौकट रिकामी झाली, नाव पुसलंच गेलं. स्ने.नं मला मिठी मारली. मालक बाहेर येऊन "शाब्बास" म्हणाले. सगळं मनासारखं झालं होतं आणि मी थिजून बसले होते. अख्ख्या वाडीनं, एका सकाळी? आज्यापणज्यानं धरलेलं, मेंढरं गेली तरी न सुटलेलं, एका चौकोनासाठी सोडलं. आणि कुठं काही झालं नाही. वीज पडली नाही. दुपारचा चहा पण आला नेहमीसारखा.

हेच तर मागितलं होतं ना मी?

रविवार, ५ ऑक्टोबर

वाडी. उगाच गेले असं आता वाटतंय.

नवरात्रातली झाडलोट चालली होती. वैनीनं पाणी दिलं, बोलली नाही. अण्णाच बोलत होता, टँकर राहिला, आता अजून एक जर्सी बांधायची म्हणतोय. त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलंय, आणि का उतरू नये? त्याला चूक म्हणायला मी धजणार नाही.

वैनी गोठ्यात गेली तशी मागोमाग गेले. शेण भरता भरता सांगितलं तिनं, माझ्याकडं न बघता.

"त्या दिशी पोरं सकाळनं वाट्या घिऊन सेंटरवर गेली. कुणी सांगितलं न्हवतं त्यास्नी. रांगंत हुबी ऱ्हायली. कॅन मोजून भरलं, टँकर गेला, तरी हुबीच. धाकली इच्यारती, आई, आपली आमुशा कुटं गेली?"

मग म्हणाली, "तुमची मशीन हिरवी झाली न्हवं? झालं तर मग."

आकडा मीच टाकला होता.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

इंदापूरहून पाहुणे आले होते, डॅशबोर्ड बघायला. मालक छडीनं एकेक चौकोन दाखवत होते. वाडीपाशी थांबले. "हे गाव बघा. अमावस्येला दूध घालत नव्हतं. अंधश्रद्धा. स्क्रीनवर आणलं, सुधारलं." पाहुण्यांनी माना डोलावल्या. एकानं विचारलं, लोकांनी विरोध नाही केला? मालक म्हणाले, "नाही हो. त्यांनाही पटलं."

मी आणि स्ने.नं एकमेकींकडं बघितलं. कुणाला पटलं?

पाहुणे गेल्यावर मालकांनी गुलाबभाईंना बजावलं, यापुढं वाडी एकदा जरी लाल झाली तरी टँकर बंद. विचारायलाही यायचं नाही.

पत्रकं आजपासून कायमची बंद. उरलेले कोरे कागद स्ने.नं मला देऊ केले. "घरी न्या, ताई." नको म्हटलं.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. मालकांनी जाहीर केलं, यंदा लक्ष्मीपूजनाला चोपड्यांच्या जागी कॉम्प्युटर पूजायचा. भटजींना निरोप गेला. बोनसची पाकिटं त्याच वेळी. संध्याकाळच्या पाळीचे आकडे एरवी दुसऱ्या सकाळी येतात, ते त्याच दिवशी मागवायचे, आले की लगेच मुहूर्त. "पूजेला सगळं हिरवंगार दिसलं पाहिजे, शालनबाई. व्हिडिओवाला बोलावलाय."

गुलाबभाई हळूच म्हणाले, "बाई, हळद-कुकू आत गेलं तर त्ये यंतर चालंल का?"

मी हसले. पण लक्ष्मीपूजन म्हणजे अमावस्या. हे मालकांच्या लक्षातच नाही. आणि अण्णाला विचारायचा मला धीर होत नाही.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

झालं ते लिहिते.

झेंडूच्या माळा, रांगोळी, कॉम्प्युटरला लाल कापड, पुढं लाह्या-बत्तासे. मालक रेशमी कुर्त्यात. स्ने. साडीत, पहिल्यांदाच बघितली. व्हिडिओवाल्याचा दिवा डोळ्यांत जात होता. भटजी मांडामांड करत होते आणि मी कीबोर्डपाशी, संध्याकाळच्या पाळीचे फोन घेत. सांगवी हिरवं. निमगाव हिरवं. लासुर्णे हिरवं.

वाडीचा फोन आला. अण्णाचा नाही. वैनीचा. तिनं आयुष्यात मला कधी फोन केला नव्हता. पलीकडं पोरांचा गलका.

"वन्सं, दूध न्हाय आज."

"वैनी, म्हणजे किती नाही?"

"म्हंजी न्हायच. दुपारीच आमुशा लागली. समद्या बायकांनी धारा काडल्या आन घरात नेल्या. एक बी कॅन भरला न्हाय."

"अण्णा काय म्हणाला? तात्या?"

"तात्या वाटी घिऊन बसल्यात पोरांत. ह्ये गप हायती."

"अगं टँकर बंद होईल. कायमचा."

ती एवढंच म्हणाली, "आज मालकाच्या घरी लक्षुमी पुजत्यात न्हवं? आमची बी लक्षुमीच हाय. गोठ्यात हुबी हाय. तिचं आज इकणार न्हाय आमी." आणि फोन ठेवून दिला.

रिसीव्हर हातात तसाच. मागं भटजी म्हणाले, यजमान, या. मालक पाटावर बसले. "शालनबाई, झाले का सगळे?"

मागचा आकडा टाकता आला असता. एक बोट लागलं असतं. व्हिडिओत हिरवं आलं असतं, पेढे वाटले गेले असते. बोट तिथं नेलंही होतं मी. पण वैनीनं ज्याच्यासाठी टँकरवर पाणी सोडलं तेच मी पुसून टाकायचं? शून्य टाकलं.

लाल. झेंडूच्या माळांच्या बरोबर मधोमध.

व्हिडिओवाला म्हणाला, "मस्त दिसतंय, कुंकवासारखं." मालकांचा हात पळीवर तसाच थांबला.

कुठून बळ आलं कुणास ठाऊक. म्हटलं, "मालक, आज अमावस्या आहे. आपली पूजा अमावस्येचीच आहे. वाडीचीही आहे. तिथल्या बायकांनी दूध पोरांना दिलं."

स्ने. हळूच म्हणाली, "पप्पा, मुहूर्त." मालकांनी पडद्याला हळदकुंकू वाहिलं. लाल चौकोनाच्या अगदी कडेला बोट टेकलं त्यांचं. चिडले असते तर कळलं असतं. चिडले नव्हते. पहिल्यांदाच त्यांना पडद्यावर काय बघायचं ते कळत नसावं, असं तोंड होतं.

आरती झाली. प्रसाद वाटताना गुलाबभाई पुढं आले. विचारायला यायचं नाही म्हणून सांगितलेलं असूनही आले. "मालक, उद्यापासनं वाडी धरू का सोडू?"

मालकांनी पेढा त्यांच्या हातावर ठेवला. माझ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. म्हणाले, "सणाचा दिवस आहे, आज नको. सकाळची पाळी बघू. सकाळी वाडीचं दूध आलं तर धरा. नाही आलं तर सोडा."

म्हणजे एक संधी दिली त्यांनी. मनापासून दिली, तोंडावर दिसत होतं. स्ने.नं माझा दंड दाबला. गुलाबभाईंनी हात जोडले.

पण अमावस्या उद्या दुपारपर्यंत आहे.

भटजी सोडले तर त्या खोलीत हे कुणालाच माहीत नव्हतं. मालक पाटावरून उठत होते. मी "मालक" म्हणून हाक मारली, तेवढ्यात बाहेर पोरांनी फटाक्यांची माळ लावली, आणि ती वाजून संपेपर्यंत ते पाहुण्यांबरोबर जिना उतरून गेले होते.

सकाळी फोनवर मीच आहे.